तो वाघ पुढे कोठे गेला?

गेल्या पौषी यात्रेनंतरची गोष्ट. श्रीनिवृत्तिनाथमहाराजांच्या समाधीपुढची गर्दी ओसरली होती, दिंड्यांची बिऱ्हाडे हलली होती आणि आम्ही बसलेला घसा घेऊन त्र्यंबकी घरातच पडून होतो. अशात तालुक्यातील एका शाळेचे मुख्याध्यापक भेटीस आले. म्हणाले, "महाराज, मुलांना पर्यावरणावर चार शब्द सांगा. पुस्तकातले आम्ही शिकवतोच. पण तुमच्या तोंडून ऐकले म्हणजे मुले विसरणार नाहीत." आम्ही पाठशाळेत लघुकौमुदी घोकली, पंचदशी वाचली, आणि पुढे सगळे आयुष्य वीणा-टाळांच्या संगतीत काढले. पर्यावरण नावाचा विषय आमच्या वेळी नव्हता. तरी शाळेला नाही म्हणणे जिवावर येते. हो म्हटले.

मुले बहुतेक आसपासच्या पाड्यांवरची. आम्ही आपले ठरलेले आख्यान लावले. विठ्ठलपंत, रुक्मिणीमाता आणि चार भावंडे ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत आहेत. रात्रीची वेळ, निबिड रान. एकाएकी वाघ समोर आला, सर्वांची पांगापांग झाली. थोरले निवृत्तिनाथ चुकले ते एका गुहेत शिरले, आणि तेथे गहिनीनाथांची भेट होऊन अनुग्रह झाला. पुढे तोच ठेवा ज्ञानोबारायांकडे आला. एवढे सांगून आम्ही म्हटले, "म्हणून मुलांनो, रान राखावे." हे 'म्हणून' कोठून आले, ते आमचे आम्हांसही सांगता आले नसते.

तेव्हा सहावीतील एक मुलगी उभी राहिली. "महाराज, निवृत्तिनाथ गुहेत गेले. मंग त्या वाघाचं पुढं काय झालं? आता कुठं हाये तो?"

मुले हसली, आम्हीही हसलो. आणि मग कीर्तनकाराचे जे हातचे असते ते केले. "बाळ, तो वाघ साधा नव्हे, ती शंकराची माया!" मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते हे तिच्या तोंडावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. हे आख्यान आम्ही आजवर किती वेळा लावले असेल त्याची गणती नाही. आदिनाथ, मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञाननाथ ही परंपरा जिभेवर आहे. पण त्या कथेत ज्याच्या येण्यावाचून पुढचे काहीच घडले नसते, त्या वाघाची चौकशी आम्ही एकदाही केली नव्हती.

वाचकहो, अलीकडे आपल्या पुष्कळ कीर्तनकार मंडळींस शाळांतून अशी बोलावणी येतात. माळकरी शिक्षकही आपल्यांत बरेच आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून, त्या प्रश्नापासून आम्ही काय शिकलो आणि मुलांस काय शिकवले, ते येथे लिहितो.

प्रथम वाघाचेच पाहू. त्र्यंबकच्या रानात आज वाघ नाही, बिबट्या आहे. वाघाला मोठे रान लागते, बारमाही पाणी लागते आणि पोटाला सांबर-भेकर, डुकरे लागतात. ही तिन्ही जसजशी तुटत गेली तसतसा तो मागे सरला. त्यात साहेबाच्या अमदानीत वाघ मारणारास सरकारातून बक्षीस मिळे आणि संस्थानिकांची शिकार म्हणजे तर प्रतिष्ठाच. देशभर ही दशा झाली तेव्हा १९७२ मध्ये वन्यजीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. आज महाराष्ट्रात वाघ आहे तो मुख्यत्वे विदर्भात, ताडोबा-पेंच-मेळघाटाकडे. आणि सह्याद्रीत पार दक्षिणेस कोयना-चांदोलीच्या बाजूस थोडासा. ब्रह्मगिरीचा वाघ परत आलेला नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे, आणि ते मायेत गुंडाळून सांगण्याचे काहीच कारण नव्हते.

मात्र त्या वाघाला ज्यांनी आजही विसरलेले नाही अशी माणसे आमच्या घरापासून दोन कोसांवर आहेत, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले. अश्विन वद्य द्वादशीस आपण वसुबारस म्हणतो, सवत्स धेनूची पूजा करतो. त्याच दिवशी पाड्यांवर वाघबारस असते. गुराखी मंडळी वाघदेवापाशी जमतात. दगडावर किंवा लाकडी फळीवर वाघ कोरलेला असतो, बहुधा वर सूर्य-चंद्र असतात. त्याला शेंदूर लावून, नैवेद्य दाखवून गुराढोरांची राखण मागतात. एकाच तिथीस गावात गाय पुजली जाते आणि रानात वाघ! दोघांचे जमवून घेण्याची ती एक तोडच म्हणा ना. पर्यावरण शिकवायला आम्ही त्या मुलांकडे गेलो होतो, आणि हे ज्ञान मात्र त्यांच्या आज्यांजवळ होते. तेव्हा पहिली सूचना अशी, की शाळेत जाणाऱ्या कीर्तनकाराने बोलण्याआधी तासभर ऐकावे.

बिबट्याविषयी एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या काही तरुण कीर्तनकारांस डरकाळ्या फोडून मुले घाबरविण्याची हौस असते. कृपा करून ते करू नये. ह्या मुलांच्या वाटेत बिबट्या खरोखरीच येतो. त्यांस सांगावयाचे ते हे, की दिवेलागणीनंतर एकट्याने जाऊ नये; चार जणांनी बोलत, बॅटरी घेऊन जावे; समोर आलाच तर पळू नये व पाठ फिरवू नये, उभे राहून मोठा आवाज करीत हळूहळू मागे सरावे; लहानग्यास उचलून घ्यावे; आणि तो विहिरीत पडला किंवा घरात शिरला तर बघ्यांची जत्रा न भरवता वनखात्यास कळवावे. घराजवळ उष्टे-खरकटे टाकले की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. ह्याला शास्त्राधार शोधीत बसण्याची गरज नाही.

शाळेत हा विषय येतो कसा तेही थोडके सांगतो. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात आज्ञा केली, की पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर शिकवावा. २००३ मध्ये ती पुन्हा बजावली. आपल्याकडे खालच्या वर्गांस परिसर अभ्यास आहे. अकरावीसाठी २०१९ मध्ये 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' असे पुस्तक निघाले. पुस्तके वाईट नाहीत, आम्ही ती वाचली. पण होते असे, की बर्फावरच्या अस्वलाचे चित्र मुलांस ओळखता येते आणि डोक्यावर घिरट्या घालणारा पक्षी घार आहे की गिधाड हे कळत नाही. प्रकल्प म्हणून चित्रे कापून वहीत चिकटवायची, ती चित्रेही दुकानात तयार मिळतात! शिक्षकांस दोष देत नाही. त्यांच्या मानेवर इतर कामे किती असतात ते आम्ही पाहिले आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी तुकोबारायांचा झाडावेलींस सोयरे म्हणणारा अभंग सर्वजण म्हणतात, फोटो निघतो, आणि पुढल्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. असा सोयरा घरी आला असता तर त्याला आपण पाणी तरी विचारले असते.

आणखी एक शब्द नेहमी कानी येतो, 'शाश्वत विकास'. आमच्यासारख्या जुन्या पाठशाळेतल्या माणसास हा शब्द प्रथम खटकतो. यास्काचार्यांनी निरुक्तात सांगितलेल्या सहा भावविकारांत जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, झिजणे आणि नाश पावणे असा क्रम आहे. जे वाढते ते झिजणारच. मग शाश्वत आणि विकास एका दावणीला कसे बांधता? पण १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने त्याची जी व्याख्या केली तिचा भाव एवढाच, की आपली गरज भागवताना पुढच्या पिढीची गरज मारू नये. हे कुणब्याच्या पोरास नव्याने काय सांगावे? दुष्काळात पोटाला चिमटा बसला तरी कणगीतले बियाणे कोणी खात नाही. आम्ही मुलांस 'बियाणे राखून खाणे' एवढेच म्हटले, सर्वांस समजले.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती सांगणे आम्हांस सोपे नाही.

नाशिकच्या पंचवटीची, जनस्थानाची कथा आपण सांगतो तेव्हा जटायूवाचून पुढे जाता येत नाही. इगतपुरी तालुक्यातील सर्वतीर्थ टाकेद हे जटायूचे निर्वाणस्थान मानतात. महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. जटायू म्हणजे गिधाड. वाल्मीकींनी त्याला गृध्रराज म्हटले आहे, आणि त्या 'गृध्र' शब्दापासूनच आपला गीध, गिधाड हा शब्द आला. मूळ धातू गृध्, म्हणजे हाव धरणे. ईशावास्योपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात परक्या धनाची हाव धरू नये अशी जी आज्ञा आहे, तीत हाच धातू आहे. मेलेल्यावर झडप घालतो म्हणून लोकांनी त्या पाखरास हावरट म्हटले. पण ते कोणास मारीत नाही. मेलेले खाते आणि गाव स्वच्छ ठेवते. त्याच्या पोटातील आम्ल असे तीव्र असते, की कुजक्या मांसातील पुष्कळ रोगजंतू तेथेच मरतात. आणि वाल्मीकींची दृष्टी पाहा! किष्किंधाकांडात जटायूचा भाऊ संपाती समुद्राच्या अलीकडे बसून पलीकडील लंका पाहतो. गिधाडाची नजर आणि गिधाडाची उंच भरारी ज्याने पाहिली नाही, त्याला हे सुचणार नाही. शिवाय ज्या पाखरास लोक अमंगळ म्हणतात, त्याचे प्रेतकर्म रामरायांनी स्वतः केले.

आमच्या लहानपणी त्र्यंबकच्या आभाळात गिधाडे असत. गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याचा माळ होता. बैल टाकला की अर्ध्या दिवसात हाडे उरत. आम्ही नाकाला धोतराचा सोगा लावून दुरून बघत असू. पुढे ती कमी झाली, आणि मग दिसेनाशी झाली. कधी, ते आमच्या ध्यानातही आले नाही. जटायूचे आख्यान मात्र चालूच होते.

१९९७ च्या सुमारास आमच्या घरची म्हातारी गाय गुडघ्यांनी अधू झाली. सुजलेले पाय, उठता येईना, रात्रभर हंबरे. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी दुखणे थांबविण्याची सुई दिली. गाय थोडी निवांत झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. घरात कोणी जेवले नाही. गाडीत घालून तिला त्याच माळावर नेले. त्या वेळी अजून काही गिधाडे येत असत. आम्ही म्हणालो, चला, गोमातेचा देह सत्कारणी लागला.

त्या सुईत डायक्लोफेनॅक नावाचे औषध होते. माणसांस गुडघेदुखीवर देतात तेच. देणाऱ्या डॉक्टरांस त्यातले काही ठाऊक नव्हते, कोणासच नव्हते. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, की हे औषध दिलेले जनावर एकदोन दिवसांत मेले आणि गिधाडाने ते खाल्ले तर गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, अंगात खडूसारखे क्षार साचतात, आणि ते मान टाकून झाडावरच मरते. त्यांनी आणखी एक हिशेब मांडला, तो ऐकून आम्ही थंड झालो. सगळी गिधाडे बुडण्यास सगळी जनावरे विषारी असावी लागत नाहीत. शंभर जनावरांत एकाहूनही कमी पुरे होते. कारण एका जनावरावर पन्नास-पन्नास गिधाडे बसतात, आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९० नंतरच्या पंधरा वर्षांत देशात शंभरातली नव्याण्णवांहून अधिक गेली. लांब चोचीच्या गिधाडांची दशाही तशीच झाली.

पुढे काय झाले तेही मुलांस सांगावे. उघड्यावरची मढी कुत्र्यांस मिळाली, कुत्री वाढली, पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय वाढले, आणि पाण्यातही घाण उतरली. २००० ते २००५ ह्या पाच वर्षांत गिधाडे नसल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला आहे. सरकारने जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद केले. माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या जनावरांस वापरीत, त्यांवर २०१५ मध्ये बंदी आली. तशाच घातक ठरलेल्या केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ह्या दोन औषधांवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांस बाधत नाही असे ठरले आहे. ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे आणि डॉक्टरांस विचारावे; विचारण्यात अपमान कोणाचाच नाही.

ही सर्व माहिती मिळविण्यात आमचा माघ गेला. मग आम्ही मुख्याध्यापकांस निरोप धाडला, की आम्हांस पुन्हा यावयाचे आहे, आणि ह्या वेळी बोलावणे नको, नारळ-शालही नको. मुले जमली. त्या मुलीस उभे करून आम्ही म्हटले, "बाळ, त्या दिवशी तू नीट विचारलेस आणि आम्ही उत्तर चुकवले." वाघाचे होते ते सांगितले. मग जटायू सांगितला, आणि शेवटी गाईची गोष्ट सांगितली. अशी गोष्ट व्यासपीठावरून सांगणे बरे की वाईट, ह्याचा आम्ही रात्रभर विचार केला होता. वर्गात कोणी हलले नाही. मागून एक मुलगा म्हणाला, "महाराज, मंग ती गिधाडं तुमच्या गाईनं मेली?"

आम्ही म्हटले, "कदाचित. पण गाईने नव्हे रे, आम्ही दिलेल्या सुईने."

"पाप लागलं का तुम्हाला?"

शिक्षक त्यास बसवू लागले. आम्ही म्हटले, असू द्या, विचारू द्या. न कळत घडले त्यास प्रायश्चित्त सांगितले आहे, पण कळल्यावर गप्प बसण्यास नाही. एवढे त्या मुलास सांगितले. ते त्यास कितपत पटले, देव जाणे.

त्या मुलांना गिधाडे दाखविणे आमच्या हाती होते, कारण आमच्या भागात ती अजून अगदीच संपलेली नाहीत. त्र्यंबकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे राहतात. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून आपण जेथे जातो तोच हा डोंगर; २०१७ पासून त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचे संरक्षण आहे. हरसूलकडे खोरीपाड्यास वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांना जेवू घालण्याची जागा केली. ज्यांस ते औषध दिलेले नाही अशीच मेलेली जनावरे तेथे ठेवावयाची. आपल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. काकबळी आपण नित्य घालतो. खोरीपाड्याचे काम त्याच पंगतीचे आहे असे आम्हांस वाटते. शहरातील काही सोवळ्या मंडळींस ही तुलना रुचणार नाही. न रुचो.

फाल्गुनात शिक्षकांनी दोन वर्ग अंजनेरीस नेले. आम्ही काठी टेकीत मागून गेलो. कड्यावर जेथे पांढरे ओघळ दिसतात तेथे घरटी असतात, हे एका वनरक्षकांनी दाखविले; त्या दिवसांत पिल्ले घरट्यात असतात म्हणून जवळ जाऊ दिले नाही, मोठ्याने बोलू दिले नाही. शंभर मुले अर्धा तास गप्प बसली, हे आम्ही आमच्या कीर्तनात कधी पाहिले नाही! एका गटाने पाच मोजली, दुसऱ्याने सात, आणि त्यावरून भांडण जुंपले. वनरक्षकांनी समजाविले, की उडून परत आलेले तुम्ही दोनदा मोजले असेल. वेळ लिहा, दिशा लिहा, मग ताडून पाहा. वहीत चित्र चिकटविण्यापेक्षा हे भांडण मोलाचे. वरच्या पठारावर कंदीलपुष्पाच्या जातीचे एक लहान रोप होते, ज्यास शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदविले आणि अंजनेरीचेच नाव दिले. ते पावसाळ्याशिवाय फुलत नाही, म्हणून फूल पाहावयाचे राहिले. पण पाय कोठे ठेवायचा हे मुले शिकली. वर जाणाऱ्या आपल्या भाविकांनीही शिकावे, आणि वाळल्या गवतात विडी टाकू नये. वणवा लागला की मूळ, बी, अंडे, पिल्लू काही उरत नाही.

आता हवामानाविषयी, कारण शाळेत तो धडा असतोच. आम्ही घोंगडीचा दृष्टांत घेतला. पृथ्वीभोवतीची हवा ही घोंगडी आहे. ती नसती तर आपण गारठून मेलो असतो. कोळसा, तेल जाळून जो कर्बवायू निघतो तो ह्या घोंगडीचे पदर वाढवितो. यंत्रयुगाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आज ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हे साल मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण ठरले. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. मग पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि मधे उघडीप लांबते. गुजरातेपासून ओरिसापर्यंतच्या मधल्या पट्ट्यात फार मोठ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात तिपटीने वाढल्या असे अभ्यासकांनी दाखविले आहे. तापलेल्या अरबी समुद्राचा त्यात हात आहे.

त्र्यंबकच्या मुलास हे घराबाहेरच दिसते. श्रावणात गावच्या रस्त्यांतून पाण्याचा लोंढा जातो, आणि चैत्रात ब्रह्मगिरीच्या अंगावरच्या मेटांतील बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. १४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदामाईच्या उगमाशी ही स्थिती! आमचा डोंगर काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी फारसे मुरत नाही. पाणी धरून ठेवते ती वरची माती, गवत आणि झाड. ती कापरी गेली की आले पाणी गेले. मुलांनी सरळ भिंतीच्या डब्यात पाऊस धरून फूटपट्टीने मिलिमीटर मोजावेत, रोज एकाच वेळी, आणि भिंतीवर लिहावेत. पण एका सालावरून हवामान बदलले असे म्हणू नये. शास्त्रज्ञ तीस-तीस वर्षांची सरासरी पाहतात. म्हणून म्हाताऱ्या वारकऱ्यांस विचारावे, की नाथांची पालखी ज्येष्ठात निघाली म्हणजे पूर्वी पाऊस कोठे गाठत असे, आता कोठे गाठतो. ज्येष्ठ महिना अधिक मासामुळे पुढेमागे होतो, हे ध्यानात धरून ताडावे. ह्या कामात आपली मंडळी शाळेस खरी मदत करू शकतील.

एका गोष्टीचा येथे परिहार केला पाहिजे. आपल्यांतील काही वक्ते हे सर्व ऐकून म्हणतात, "कलियुग आहे, असेच व्हायचे." आम्हीही म्हणत असू. पण विचार करा. कलियुग लागून पाच हजारांहून अधिक वर्षे झाली असे आपलेच पंचांग सांगते, आणि गिधाडे गेली पंधरा वर्षांत. मग त्याआधी कली काय झोपला होता? कारण एका सुईत होते, आणि सुई बंद करता आली. मुलांपुढे कलियुगाचे नाव घेतले की त्यांची विचारण्याची वाटच बंद होते. प्रलयाची भीतीही घालू नये. घाबरलेले मूल डोळे मिटून घेते.

आणि मुलांस मोजायला शिकविले की ती आपल्यालाही मोजतात, ह्याची तयारी ठेवावी. त्या शिक्षकांनी यात्रेनंतर मुलांकडून रस्त्याची शंभर पावले मोजून घेतली होती आणि तेवढ्यात प्लास्टिकचे पेले, पत्रावळी, पिशव्या किती पडल्या ते लिहून घेतले होते. २०१८ पासून अशा वस्तूंवर राज्यात बंदी आहे. मुख्याध्यापकांनी तो कागद संकोचाने आम्हांस दाखविला. आकडा येथे छापीत नाही. आमच्याच दिंडीचा मुक्काम त्या शंभर पावलांत होता. पूर्वी प्रत्येक वारकऱ्याच्या खांद्याला तांब्या असे. तो कधी सुटला, तेही गिधाडांसारखेच कोणाच्या ध्यानात आले नाही. यंदा ज्येष्ठात आमच्या दिंडीत ज्याच्याजवळ तांब्या आणि ताटली नाही त्याला पंगतीत बसवायचे नाही, असे ठरविले. दोघे-तिघे रुसले आहेत. २०२७ च्या सिंहस्थात कुशावर्तावर जी गर्दी लोटेल तिच्यापुढे आमची दिंडी ती केवढी. पण रुसवे काढण्याची सवय आतापासून झालेली बरी.

त्या मुलीचे आजोबा मध्यंतरी बाजारच्या दिवशी भेटले. अश्विनात वाघबारशीस पाड्यावर या म्हणाले. आम्ही विचारले, कीर्तन किती वाजता ठेवायचे? तर म्हणाले, "कीर्तन नको महाराज, नुसतं बसायला या. पोरगी म्हणते, तुम्हाला वाघदेव दाखवायचा हाये."